पाळायला सोपी

स्टार्टर उघडला की आधी पाल शोधायची,
मग बिघाड.
बहुतेकदा दोन्ही एकाच जागी सापडतात:
कॉन्टॅक्टच्या दोन पट्ट्यांमध्ये चेंगरलेली,
वाळून चिंचेच्या टरफलाएवढी हलकी.
चिमट्याने काढतो, पॉलिश पेपर मारतो,
मोटर उचलते.
उन्हाळ्यात दिवसाला चार, कधी सहा.
बावीस वर्षं फैजपुरात हेच करतोय,
मोजल्या असत्या तर
(नाही मोजल्या, बरं झालं).

त्यांची काही चूक नाही.
रात्री शेताला लाइन येते, पेटी कोमट होते,
इंडिकेटरच्या तांबड्या उजेडाला चिलटं येतात.
केळीच्या बागेत
याहून सुखाचं घर कोणतं?

गेल्या वैशाखात सरोदे आप्पांचा स्टार्टर आला,
पाच हॉर्सपॉवर, कॉइल जळून काळी.
आतल्या झाकणाला दोन अंडी चिकटलेली,
वाटाण्याएवढी, चुन्यासारखी पांढरी.
आप्पा स्टुलावर, अर्धे उठलेले:
"आटप लेका, बाराला लाइन आहे, घड करपतील."
नशीर तडवीने टेस्टिंगचा बल्ब अंड्याशेजारी धरला.
आत एक लाल रेघ.
रेघेच्या टोकाला काहीतरी उडत होतं,
ज्याला लावायला आमच्याकडे मीटर नाही.

मी नवं झाकण लावलं.
"जुन्याला काय झालं?"
"तडकलं होतं," म्हणालो.
पैसे घेतले नाहीत, म्हणून आप्पांना जास्तच संशय आला.

झाकण लोणच्याच्या बरणीत ठेवलं, वार्निशपासून लांब.
उबवायला वेगळं काही लागलं नाही,
फैजपूरची दुपार पुरली.
नशीर भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारत होता,
पगाराच्या खाड्यांशेजारीच.
एक अंडं फुटलंच नाही.
दुसऱ्यातून एकावन्नाव्या रेघेला
सेफ्टी पिनएवढी वस्तू बाहेर आली,
पोटातलं सगळं दिसणारी,
आणि पहिलं काम काय केलं,
तर स्वतःच्याच जिभेने डोळा पुसला.

दोन दिवसांनी बरणीचं झाकण उघडं ठेवलं.
गेली ती ट्यूबलाइटच्या पट्टीमागे
आणि राहिली.
कुमुदिनी म्हणाली, लोक दारात गाय पाळतात,
तुम्ही हे.
पण हिचा खर्च काय?
ट्यूब तशीही जळतेच, पाखरं फुकट,
बाटलीच्या झाकणात चार थेंब पाणी.
गावाला जाताना कुणाला सांगून जावं लागत नाही.
हाक मारून येत नाही, हेही खरं.
हिला पाळली म्हणायचं का, मला ठरवता येत नाही.
जीभ जरा मागे वळवली
की पालचं पाळ होतं,
तेवढंच अंतर असावं.

एकदा बोदवडचं गिऱ्हाईक रिवायंडिंगच्या भावावरून अडलं.
मी आकडा सांगितला आणि वरून ती चुकचुकली.
माणूस गप्प. मग म्हणाला,
"खरं सांगितलं तुम्ही."
भाषेत ती शंकेचीच असते,
दुकानात मात्र तिने माझे दोनशे वाचवले.

तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पेटीच्या
केबलच्या भोकाला रबराचं बूच बसवतो,
सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेलं.
बिल नशीर लिहितो, अक्षर त्याचं बरं.
कॉइल, कॉन्टॅक्ट सेट, मजुरी,
आणि खाली, बूच लिहायचं सोडून,
पाल – ५ रु.
मी खोडायला सांगणार होतो.
राहून गेलं.

परवा आप्पांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली.
वर ट्यूबकडे पाहिलं,
खिशातून पाचाचं नाणं काढून
बाकीच्या नोटांपासून वेगळं ठेवलं.

काल तीन निघाल्या.
त्यातली एक बूच लावलेल्या पेटीतून.
बूच जागच्या जागी, घट्ट.
नशीर अजून ती पेटी हातात फिरवतोय,
एकेका फटीवर बल्ब धरून.